हँडेलचा ऑर्गन : कॉन्चेर्टो की मध्यंतराची भरती?

खर्ज : परवा एका महाशयांनी ठोकून दिलं, ‘हँडेलचे ऑर्गन कॉन्चेर्टो (ऑर्गन आणि वाद्यवृंदाच्या रचना) म्हणजे ओरेटोरिओच्या (अभिनयाविना गायच्या नाट्याच्या) अंकांमधली भरती. बाखपुढे पोरखेळ.’ गप्प बसणार होतो, जमलं नाही. १७३५ साली हँडेल लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात खेळ लावतोय आणि समोरच्या कंपनीने थेट फारिनेल्लीसारख्या नामांकित गायकाला आणून बसवलंय. याच्याकडे तसा गळा नाही, म्हणून हा स्वतः ऑर्गनवर बसला. लोकांना खेचायला जे मांडलं, ते भरती?

गोलमाल : महाशय मीच. ओपस ४ (त्याच्या छापील संचाचा क्रमांक) मधला पाचवा म्हणजे त्याचाच जुना रेकॉर्डर सोनाटा, सहावा मुळात हार्पसाठी. १७३८ला प्रकाशक वॉल्शने सहा गोळा करून छापले की झाला ओपस. आणि पेडल, म्हणजे पायाने वाजवायच्या पट्ट्या, कुठंय? बाख वाजवताना दोन्ही पाय नाचतात, इथे पाय आराम करतात.

खर्ज : नाचवणार कशावर? इंग्लंडातल्या बहुतेक ऑर्गनना तेव्हा पेडल नव्हतीच. तरी ओपस ७च्या पहिल्या कॉन्चेर्टोत त्याने पेडल लिहिलीत. उघडून तर बघा.

पायपेटी : मुळात छापलेल्या कागदावरून भांडताय कशाला? स्वरलिपीत जागोजाग नुसतं ‘ऑर्गन अॅड लिबिटम’. म्हणजे बंदिश दिली, आता तुमची उपज दाखवा. आणि आजचे वादक? ती उपजसुद्धा घरून लिहून आणतात!

लेस्टरकर : अगदी! इथल्या एका चर्चमध्ये ‘कुकू आणि नाइटिंगेल’ (१७३९चा) ऐकायला गेलो होतो. दुसऱ्या भागात ते दोन सुरांचं उतरतं ‘कु-कू’ छान चाललं होतं. वादकाने खरंच स्वतःचं काही सुरू केलं. मध्येच ट्रिल (दोन शेजारच्या सुरांची झरझर आलटापालट) घेतली आणि अर्धी व्हायोलिनं आत घुसली, अर्धी थांबली. लाल झाला हो बिचारा. चर्नीच्या, सॉरी, बर्नी या संगीत-इतिहासकाराच्या लिखाणात हेच आहे : हँडेल आंधळा झाल्यावर ऑर्केस्ट्राला नुसता सांगाडा द्यायचा, आणि मंडळी त्याच्या ट्रिलची वाट बघत बसायची.

गोलमाल : म्हणजे समेची वाट बघणारा तबलजी. हे मात्र आवडलं.

पायपेटी : तबलजीवरून आठवलं. आमचे आजोबा संगीत नाटकात ऑर्गनवर होते. गायक पुढे काय घेणार ते कळायच्या आत बोटं तिथे हवीत. आणि पुढे रेडिओवाल्यांनी पेटीवर बंदी घातली, १९४० ते १९७१! सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड निघत नाही म्हणे.

खर्ज : आजोबांचा ऑर्गन रीडचा, हँडेलचा नळ्यांचा. विषयावर या.

पायपेटी : वारा भात्याचाच ना? आजोबा भाता पायाने मारायचे, साहेबाला माणूस लागायचा. कोण मोठा ते बघा.

लेस्टरकर : मींड तर निघत नाहीच, त्यात काय खोटं?

पायपेटी : झालं! एकतीस वर्षं हेच ऐकलं आजोबांनी.

गोलमाल : बरं, शब्द मागे. भरती नाही, ‘चविष्ट भरती’ म्हणतो. तो ‘कुकू’ त्याने त्याच वर्षी ओपस ६च्या नवव्या कॉन्चेर्टो ग्रोसोत (वाद्यवृंदाच्या रचनेत) पुन्हा खपवला, हे आता खर्जसाहेबांनी विसरायचं.

खर्ज : विसरलो नाही. तिथे ऑर्गन नाही, म्हणून उपजेला मोकळी जागाही नाही. तेच तर सांगतोय दोन तास.

पायपेटी : पेटीचा वेगळा धागा काढलाय. तिकडे या.