अनुभव धागा : लेख लिहून झाला, आता जर्नलच्या साच्यात बसवा!

मागच्या महिन्यात माझा लेख जर्नलकडून, म्हणजे संशोधन-पत्रिकेकडून, तिसऱ्या दिवशी परत आला. नाकारला नव्हता, वाचलाच नव्हता. संपादकीय कार्यालयाच्या पत्रात चार ओळी होत्या : ओळींना क्रमांक नाहीत, सारांश २५० शब्दांच्या वर गेलाय, संदर्भ आमच्या शैलीत नाहीत, शीर्षकपान वेगळ्या फाइलमध्ये हवं. दीड वर्षाची पाहणी, चार महिने लिखाण, आणि अडलं कुठे तर ओळींच्या क्रमांकांवर. नौपाड्यातल्या घरी रात्री अकराला हे वाचून मी आधी चहा टाकला, मग चिडले, मग नियमावली उघडली. एकोणीस पानांची होती आणि मी ती पहिल्यांदाच वाचत होते, हेही कबूल करते.

संशोधन कसं करावं यावर सगळे बोलतात. लिहून झाल्यापासून 'सबमिट'चं बटण दाबेपर्यंतचा काळ मात्र कोणी शिकवत नाही. ठाणे-नवी मुंबईत कॉलेजं, प्रयोगशाळा, इस्पितळं एवढी आहेत, तर तुमची हस्तलिखितं कुठे ठेचकाळली ते सांगा. संस्थेचं नि जर्नलचं नाव नको, चूक सांगा. विषय कुठलाही चालेल. माझा अर्थशास्त्र.

खारघर, जीवतंत्रज्ञान

माझी चूक एक्सेलची. जनुकांची यादी पुरवणी तक्त्यात द्यायची होती. काही जनुकांची नावं 'मार्च१', 'सेप्ट२' अशी असायची. एक्सेलला वाटलं या तारखा, त्यानं परस्पर १ मार्च आणि २ सप्टेंबर करून टाकलं. मी फाइल जपून ठेवली, रंग दिले, रेघा मारल्या, मथळे ठळक केले. समीक्षकानं एका ओळीत विचारलं, "तुमच्या पेशींमध्ये २ सप्टेंबर नावाचं जनुक कधी सापडलं?"

हा घोळ जगभर इतका झाला की जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० मध्ये नावंच बदलली. आता मार्चएफ१ आणि सेप्टिन२. माणसानं सॉफ्टवेअरपुढे हात टेकले म्हणायचे. पण जुन्या फाइली अजून फिरताहेत. तेव्हा माहिती ओतण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करून घ्या, नंतर करून उपयोग नाही, तारीख आधीच झालेली असते.

ऐरोली, विद्युत अभियांत्रिकी, नोकरी सांभाळून पीएचडी

ताई, आमच्याकडे दोन स्तंभांचा साचा असतो, लेटेक या टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो. मी मात्र वर्डमध्ये लिहिलं, कारण ऐरोली ते ठाणे गाडीत बसायला मिळालं तर तेवढ्यात मांडीवरच्या लॅपटॉपवर तेच जमायचं. शेवटी तीन आठवडे समीकरणं पुन्हा टाइप करण्यात गेले. मी ती चित्रं म्हणून चिकटवली होती, जर्नलला दुरुस्त करता येतील अशी हवी होती. सुरुवातीचे दोन दिवस लेटेक शिकण्यात घालवले असते तर हे वाचलं असतं.

दुसरं आकृत्यांचं. आलेखाचा स्क्रीनशॉट घेतला, ६०० पिक्सेल रुंद. स्तंभ साडेतीन इंचांचा, मागणी इंचाला ३०० ठिपक्यांची, म्हणजे १०५० पिक्सेल हवेत. मी हुशारी करून चित्र ताणलं. पिक्सेल वाढले, अक्षरं पावसात भिजलेल्या पोस्टरसारखी दिसायला लागली. गाइड सरांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "अरे, आलेख काढणारा प्रोग्रॅम तुझ्याकडेच आहे ना? मग त्याच्याकडूनच पीडीएफ काढ की!" दहा मिनिटांचं काम होतं. रेषांची चित्रं व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या सूत्रांत, काढली की कितीही मोठी करा, फुटत नाहीत. आणि लाल-हिरव्या रेषा काळ्या-पांढऱ्या छपाईत सारख्याच दिसतात. एक अखंड ठेवा, एक तुटक.

वाशी, वाणिज्य

माझं थोडक्यात. पहिल्या जर्नलनं नाकारल्यावर लेख दुसरीकडे पाठवला. लेख बदलला, संदर्भ बदलले, संपादकांना लिहिलेलं पत्र तेच राहिलं. "आपल्या प्रतिष्ठित जर्नलमध्ये" यापुढे पहिल्याचं नाव. उत्तर सौजन्यपूर्ण होतं, म्हणून जास्त लागलं.

चरई, ठाणे, इतिहास आणि मराठी

मी निवृत्तीला टेकलेली बाई, त्यामुळे माझा लेख मराठीत आणि अडचणीही मराठीतल्या.

पहिली अडचण फाँटची. वीस वर्षांचं टिपण जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत. त्यात 'क' हा खरा 'क' नसतोच, इंग्रजी अक्षराच्या जागी काढलेलं चित्र असतं. संपादकांच्या संगणकावर तो फाँट नव्हता, त्यांना माझा लेख म्हणजे कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं दिसली. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर मिळालं, पण ते 'ऱ्या'चा 'र्या' करतं. माझा विषय एका देवस्थानचा जमाखर्च. मूळ कागदात आचाऱ्यांना दिलेला शिधा होता, रूपांतरानंतर तो आचार्यांना मिळू लागला! स्वयंपाक्यांची एका रात्रीत पदोन्नती. सत्तेचाळीस ठिकाणी हातानं दुरुस्त केलं. नुसतं शोधा-बदला करून भागत नाही, कारण काही ठिकाणी खरेच आचार्य होते.

दुसरी अडचण सनांची. आमच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, १८९३ पासूनचं आहे ते, जुनी पुस्तकं पाहताना मुखपृष्ठावर बरेचदा नुसता शक असतो. संदर्भशैलीला इसवी सन लागतो. शकात सरसकट ७८ मिळवणारे खूप आहेत. पण शक चैत्रात बदलतो, जानेवारी ते मार्चमधलं पुस्तक असेल तर ७९ मिळवावे लागतात. शके १८१५ म्हणजे १८९३ की १८९४, हे महिना कळल्याशिवाय सांगता येत नाही. मी अशा ठिकाणी शक तसाच ठेवून पुढे दोन्ही सनं दिली. संपादकांनी एकच द्या म्हटलं. मी दिलं नाही. फोनवर अर्धा तास समजावलं, तेव्हा मान्य झालं.

तिसरी गंमत संदर्भसूचीच्या क्रमाची. भाच्यानं हौसेनं छोटा प्रोग्रॅम लिहून दिला, "मावशी, एका सेकंदात यादी लागेल." लागली. पण संगणकाच्या क्रमात ळ हा लच्या लगेच नंतर बसतो, आपल्या वर्णमालेत तो हच्या नंतर. त्यामुळे 'काळे' आधी आणि 'कासार' नंतर. 'क्षीरसागर' तर थेट कच्या घरात, कारण संगणकाला क्ष म्हणजे क अधिक ष. आपली वर्णमाला क्ष आणि ज्ञ शेवटी म्हणते. जर्नलच्या नियमावलीत याबद्दल अक्षर नव्हतं. मी वर्णमालेचा क्रम ठेवला आणि सूचीच्या डोक्यावर तसं लिहून टाकलं. भाचा अजून वाद घालतो.

ठाणे, डॉक्टर

मावशी, आचारी-आचार्य जबरदस्त! आमच्याकडचे प्रकार वेगळे. एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर 'पी'ची किंमत, म्हणजे खरा फरक नसताना असा निकाल येण्याची संभाव्यता, ०.००० छापतं, आम्ही तशीच उतरवली. शून्य संभाव्यता कशी असेल? ती ०.००१ पेक्षा कमी असं लिहायचं असतं. आणि १२ पैकी ५ रुग्ण म्हणजे ४१.६७ टक्के असं मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. बारा माणसांत दशांशाची दोन स्थळं!

सगळ्यात नाजूक जागा लेखकांच्या नावांची. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत : कामाची आखणी किंवा माहिती गोळा करणं-तपासणं यात भरीव वाटा, लिखाण किंवा गंभीर दुरुस्ती, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. आमच्या यादीत एक वरिष्ठ होते ज्यांनी लेख पाहिलाही नव्हता. फॉर्मवर कोणी काय केलं हे नावानिशी भरायचं होतं, त्यांच्यापुढे काय लिहावं यावर दोन दिवस खल झाला. शेवटी मीच केबिनमध्ये गेलो आणि म्हटलं, "सर, हे तुम्हीच भरून द्या." त्यांनी रकाना पाहिला, हसले, आणि आभारात टाक म्हणाले. सगळ्यांचं नशीब एवढं नसतं.

औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधीच सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदवा. लेख लिहिताना आठवून उपयोग नाही.

नेरूळ, समाजशास्त्र, पीएचडी सुरू

मला रोज कुठल्यातरी जर्नलचा ईमेल येतो, "आदरणीय डॉक्टर" म्हणून. अजून डॉक्टर झाले नाहीये. ४८ तासांत लेख स्वीकारू, आधी पैसे भरा. अशांना साचा-बिचा काही लागत नाही, कसाही पाठवा! माझ्या एका सीनियरनं भरले, आता तो लेख कुठे दाखवायलाही लाजतो. आधी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, बघून ठरवायचो, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता संपादक मंडळातल्या दोन-तीन जणांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन बघते, ते तिथे खरंच आहेत का आणि या जर्नलचा उल्लेख करतात का. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनी प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्ती काढली, पण आमच्या गाइड मॅडमना ते मान्य नाही. त्या म्हणतात, "लेख झाला की प्रकरण आपोआप सुधारतं."

आणि एक. समीक्षकाला लेखक कळू नये असा नियम होता. नाव काढलं, कॉलेज काढलं, पण वर्ड फाइलच्या गुणधर्मांत माझं पूर्ण नाव होतं. शिवाय मजकुरात "आमच्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे". म्हणजे पडदा लावला आणि मागून हात हलवला.

ऐरोली, पर्यावरण, खाडीवर काम

ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्यापासून इथल्या लेखांना मागणी आली, आमचाही त्यातला. तिवर, मारांडी, काजळा या खारफुटीतल्या वनस्पतींची लॅटिन नावं तिरक्या अक्षरांत, पुढे नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव मात्र सरळ. दुसऱ्यांदा येताना पहिला शब्द आद्याक्षरावर आणायचा. इथेच फसलो. तिघांचंही रोमन आद्याक्षर 'ए'. तक्त्यात 'ए.' म्हणजे कोण हे आम्हालाच कळेना. दोन अक्षरी संक्षेप केले.

पण मला सांगायचं आहे ते तक्त्याचं. जर्नलला तक्ते त्यांच्या पद्धतीनं हवे होते, उभ्या रेघा नकोत, प्रत्येक रकान्याखाली नमुन्यांची संख्या. ती संख्या लिहिताना बेरीज २३ आली. पद्धती विभागात आम्ही मोजणीसाठी आखलेले २४ चौकोन लिहिले होते. चार जण, आठ मसुदे, कोणाच्या लक्षात नाही. जुनी वही काढली, तर जुलैत भरतीच्या वेळी एक चौकोन पाण्याखाली होता, मोजलाच नव्हता. एक सरासरी बदलली, एक निष्कर्ष थोडा सौम्य करावा लागला. उभ्या रेघा काढायला सांगणाऱ्या त्या नियमाला मी आधी काय काय बोललो होतो ते इथे लिहीत नाही.

नौपाडा, धागाकर्ती

खाडीवाल्या दादांचं वाचून माझे तक्ते पुन्हा उघडले. ओळींचे क्रमांक घातले, सारांश २४३ शब्दांवर आला, संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले, शैली एका क्लिकवर बदलली. आज रात्री पाठवणार होते. तक्ता ४ मध्ये कुटुंबांची बेरीज ३१२, मजकुरात ३१४. दोन घरं कुठे गेली ते शोधायला उद्या दिवा स्टेशनच्या गाडीत बसतेय, वह्या तिथल्या सहकाऱ्याकडे आहेत.