रोजचे चौसष्ट किलोमीटर : मोटारसायकलला परवडणारे पण भरवशाचे टायर कोणते घ्यावेत?

अंबाजोगाईचा मास्तर

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी बदली झाल्यापासून अंबाजोगाईहून केज तालुक्यातल्या एका गावी रोज मोटारसायकलने जातो. जाऊन-येऊन चौसष्ट किलोमीटर होतात. त्यांतला बहुतेक रस्ता डांबरी आहे, शेवटचे पाच-सहा किलोमीटर मात्र शिवारातून जातात आणि तिथली जमीन सगळी काळी आहे. गाडी २०१६ ची स्प्लेंडर असून चाके तारांची आहेत. दोन्ही टायर २.७५-१८ मापाचे आणि ट्यूबचे आहेत.

मागचा टायर आता पुरता गोटा झाला आहे. मधल्या पट्ट्यात नख ठेवले तर ते कुठे अडत नाही. दुकानात तीन भाव मिळाले : फारसे नाव नसलेल्या एका टायरचे साडेतेराशे, एका परिचित कंपनीच्या टायरचे अठराशे आणि दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या टायरचे एकवीसशे रुपये. दुकानदाराचा सल्ला असा, की मागे ३.०० मापाचा टायर टाकावा, गाडी अधिक पकडून चालेल. पुढचा टायर मी तीन वर्षांपूर्वी बदलला होता. त्याची नक्षी अजून बरी दिसते, म्हणून तो तसाच ठेवण्याचा विचार आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. गेल्या पावसाळ्यात शिवारातला रस्ता डांबरीला जिथे मिळतो, त्या वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांनी ओढून आणलेला चिखल पसरलेला होता. माझा वेग अगदी कमी होता, तरी पुढचे चाक एकदम बाजूला सरकले आणि मी पडलो. कोपर सोलले, पिशवीतल्या वह्या चिखलात गेल्या, यापलीकडे काही झाले नाही. पण कधी कधी मुलगी मागे बसलेली असते आणि त्या विचाराने अजूनही पोटात गोळा येतो. पगारदार माणसाने खर्च कुठे वाचवावा आणि कुठे वाचवू नये, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

वाळूजचा कामगार

गुरुजी, मी वाळूज एमआयडीसीत कामाला आहे आणि बारा वर्षे पाळीला मोटारसायकलनेच जातो. टायर बदलला की त्या दिवशीचे किलोमीटर आणि दिलेली रक्कम एका जुन्या डायरीत लिहून ठेवण्याची मला सवय आहे, म्हणून आकडे स्वतःचेच देतो. मागे टाकलेला एक स्वस्त टायर माझ्याकडे सुमारे १४,००० किलोमीटर चालला, तर चांगल्या कंपनीचा २६,००० किलोमीटर चालला. तुम्हाला मिळालेल्या भावांना हेच अंतर लावून पाहिले, तर साडेतेराशेचा टायर किलोमीटरला साधारण ९.६ पैशांना पडतो आणि एकवीसशेचा ८ पैशांना. शाळेचे वर्षाला सव्वादोनशे दिवस धरले, तर तुमचे धावणे वर्षाला चौदा हजार किलोमीटरच्या आसपास होते, म्हणजे दोन टायरांमधला फरक वर्षाला सव्वादोनशे रुपयांच्या आत-बाहेर येतो. स्वस्त टायर लवकर बदलावा लागतो, त्यामुळे मजुरी आणि नवी ट्यूबही लवकर लागते. ते धरले तर महाग टायर आणखी थोडा स्वस्त पडतो.

मला या हिशोबातून सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की फरक कोणत्याही बाजूने धरला तरी दोन-अडीच लिटर पेट्रोलच्या किमतीएवढाच आहे. एवढ्या रकमेसाठी ओल्या रस्त्यावरची पकड पणाला लावू नये. आपण दुकानात उभे असतो तेव्हा साडेसातशे रुपयांचा फरक फार मोठा दिसतो, आणि तोच फरक वर्षावर पसरला की काहीच राहत नाही.

आणखी एक गोष्ट अशी, की फार कडक रबराचा टायर पुष्कळ टिकतो, पण ओल्यात पकड कमी देतो. मऊ रबराचा टायर रस्ता धरतो, पण लवकर झिजतो. मागच्या चाकावर इंजिनाचा जोर आणि बहुतेक वजन येत असल्याने मागचा टायर पुढच्याच्या सुमारे दुप्पट वेगाने झिजतो. म्हणून मागे टिकाऊपणाकडे थोडे अधिक झुकले तरी चालते. पुढे मात्र पकडीवर तडजोड करू नये, कारण मागचे चाक घसरले तर गाडी बरेचदा सावरता येते, पुढचे घसरले की माणूस खालीच येतो. तुमच्या बाबतीत नेमके तेच घडले आहे. म्हणून पुढचा टायर तसाच ठेवण्याच्या विचाराशी मी सहमत नाही.

आरोग्यसेविका, हिंगोली जिल्हा

सर, पुढच्या टायरची नक्षी शाबूत आहे म्हणजे टायर चांगला आहे, असे कृपया धरून चालू नका. मला हे उपकेंद्राच्या फिरतीत कळले. एका दुकानातून सवलतीत घेतलेला टायर वर्षभरातच बाजूने तडकला. चाक हळूहळू फिरवून पाहिले, तेव्हा रिमच्या जवळ सुताएवढ्या बारीक रेघा सर्वत्र गेलेल्या दिसल्या. बोट दाबले की त्या उघडत आणि आतले दोरे दिसत. मग टायरवरची तारीख वाचली, आणि विकला तेव्हाच तो टायर पाच वर्षांचा होता असे निघाले.

टायरच्या बाजूला एका लंबगोल चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. टायर न वापरता पडून राहिला तरी त्यातले रबर हळूहळू कडक होत जाते, आणि आपल्याकडच्या पत्र्याच्या दुकानात एप्रिल-मेचा उन्हाळा काढला तर आणखी लवकर होते. घरी जाऊन तुमच्या पुढच्या टायरवरचे अंक पाहा आणि इथे सांगा.

जालन्याचा टायरवाला

माझे टायर-पंक्चरचे दुकान आहे. ताईंनी सांगितले ते अगदी योग्य आहे. नवा टायर घेताना तारीख वाचूनच घ्यावा. सहा-आठ महिन्यांतला असेल तर निश्चिंत राहावे. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर दुसरा मागावा, किंमत कितीही कमी सांगितली तरी. तसेच आयएसआयची खूण पाहावी. दुचाकी-तीनचाकींच्या टायरसाठी आयएस १५६२७ हे मानक आहे आणि ती खूण टायरवर उमटवलेली असते.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या गाडीचे पुढचे आणि मागचे माप २.७५-१८ असे एकच असल्याने पुष्कळ लोक फसतात. मापाच्या पुढे आणखी काही अक्षरे असतात. तुमच्या गाडीच्या पुढच्या टायरवर ४२पी आणि मागच्यावर ४८पी असे असते. ४२ म्हणजे टायरला १५० किलो भार पेलता येतो, ४८ म्हणजे १८० किलो, आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. पुढचा टायर चार प्लायचा आणि मागचा सहा प्लायचा, असा तो फरक आहे; प्लायचा आकडा म्हणजे टायरच्या मजबुतीचा दर्जा. पुढचा टायर स्वस्त मिळतो म्हणून तोच मागे बसवून घेणारी गिऱ्हाइके मी पाहतो. वर दोन माणसे आणि खताचे पोते आले, की असा टायर गरम होऊन बाजूने फुगतो. तुम्ही घेताना ‘मागचा, सहा प्लायचा’ असे स्पष्ट सांगा.

३.०० मापाबद्दल माझे मत दुकानदाराहून वेगळे आहे. तो टायर तुमच्या रिमवर बसतो, हे खरे आहे. पण तो रुंद आणि जड असतो. गाडी ओढायला इंजिनाला थोडे अधिक कष्ट पडतात, मायलेज किंचित उतरते, आणि काही गाड्यांत चेनच्या कव्हराजवळ जागा कमी उरते. रोज खूप ओझे वाहणाऱ्या दूधवाल्याला मी तो सुचवतो. एका माणसाच्या रोजच्या ये-जा करणाऱ्या गाडीला कंपनीने दिलेले मापच ठेवावे. कोणी ट्यूबलेस बसवून देतो म्हणाला तर नाही म्हणा. तारांच्या रिममध्ये तारा जिथे अडकवतात त्या निपलांच्या छिद्रांतून हवा निघते, त्यामुळे त्या चाकात ट्यूब लागतेच. आणि ट्यूबलेस टायरात ट्यूब टाकली तर काट्यानंतर हवा हळूहळू उतरण्याचा त्याचा फायदा हातचा जातो.

टायरसोबत ट्यूब आणि रिमवरची रबरी पट्टी नवीनच घ्यावी. जुनी ट्यूब टायराबरोबर वाढलेली असते. ती नव्या टायरात घडी पडून बसते आणि त्या घडीवरच फाटते. पक्के बिल मागा, त्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्या, कारण टायरमध्ये बनावटीचा दोष निघाला तर कंपनीकडे त्याशिवाय दाद मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे जुना छापील भाव दाखवून कोणी तोच लावत असेल तर नवा भाव विचारावा.

मानवतचा शेतकरी

काळ्या मातीबद्दल दोन शब्द. ही माती नुसती ओली नसते, ती चिकट असते. दहा पावलांत नक्षीच्या फटी भरून टाकते आणि मग कितीही नवा टायर असला तरी तो गुळगुळीत टायरासारखाच वागतो. म्हणून रुंद फटींचा, मोकळ्या नक्षीचा टायर मागे बरा. डांबरीवर चाक फिरले की चिखल झटकून टाकतो. पूर्ण बटन टायर, म्हणजे सुट्या जाड रबरी ठोकळ्यांच्या नक्षीचा, मात्र घेऊ नका. चौसष्टपैकी पन्नासहून अधिक किलोमीटर डांबरी असेल, तर ते आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या डांबरावर वळणात दगा देतात. चिखलातून वर आलात, की पहिले शंभर-दीडशे मीटर सरळ आणि सावकाश चालवा, ब्रेक हलकेच दोन-तीनदा दाबा आणि मगच वळण घ्या. हे टायर बदलूनही करावेच लागेल.

दुसरे म्हणजे वेडी बाभूळ. आमच्याकडे बांधावर ती तोडली की काटे रस्त्यावर येतात. झिजलेल्या टायरात काटा थेट ट्यूबपर्यंत जातो; जाड टायरात पुष्कळदा वरच राहतो. माझी मागच्या उन्हाळ्यातली नऊ पंक्चर एकाच गोटा झालेल्या टायरात झाली. टायर बदलल्यावर सहा महिन्यांत एक झाले. पंक्चरचे पैसे आणि रानात उन्हात ढकललेली गाडी हे दोन्ही या हिशोबात धरा.

हवा सकाळी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की हवेचा दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. मे महिन्यात दुपारी चाळीस अंशांवर, वीस किलोमीटर धावून आलेल्या टायरात हवा भरायला गेलात, तर मीटर जास्त दाखवतो आणि पंपावरचा मुलगा हवा काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर चालतो, कडेने झिजतो आणि तापतो.

अंबाजोगाईचा मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री टॉर्च घेऊन पुढच्या टायरवरचे अंक वाचले. ते ‘४२१७’ असे आहेत. म्हणजे मी २०२२ मध्ये ‘नवा’ म्हणून घेतलेला टायर २०१७ च्या ऑक्टोबरात तयार झालेला होता. कडेला ताईंनी सांगितल्या तशाच बारीक रेघा आहेत. मी इतके दिवस त्या पडण्याचा दोष स्वतःला देत होतो. त्या चिखलात कोणीही घसरले असते हे खरे, पण आठ वर्षांच्या कडक रबराने मला सावरायला काहीच मदत केली नाही, हे आता कळले.

दोन्ही टायर एकदम बदलण्याचे ठरवले आहे. जालन्याच्या दादांना एकच शंका विचारतो. कायद्याने नक्षी किती उरली की टायर बाद धरतात, आणि बसवताना मी समोर उभे राहून काय पाहावे?

जालन्याचा टायरवाला

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९४ प्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी लागते. मोजायला काही नको. नक्षीच्या खोबणीत आडव्या बुटक्या रबरी पट्ट्या दिलेल्या असतात आणि त्यांच्या रेषेत टायरच्या कडेला छोटी त्रिकोणी खूण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे असतात. नक्षी झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आली की टायर संपला. मराठवाड्यातला पावसाळा समोर असेल तर मी त्याच्याही थोडे आधी बदलायला सांगतो.

बसवताना टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे का ते पाहा. घाईत तो उलटा बसतो. टायरच्या काठाला साबणाचे पाणी लावून बसवायला सांगा, लिव्हर जोरात घुसवू देऊ नका, ट्यूब चिमटली जाते. हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेघ दोन्ही बाजूंना सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत, कुठे बाहेर असेल तर चाक डुलते. मागचे चाक परत लावल्यावर चेनचा ताण आणि स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा जुळल्या आहेत का, तेवढे बघून घ्या. नव्या टायरवर साच्याची चकाकी असते. पहिले दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नका आणि करकचून ब्रेक लावू नका.

अंबाजोगाईचा मास्तर

आज दोन्ही टायर बसवले. मागे अठराशेचा, सहा प्लायचा, मोकळ्या नक्षीचा. पुढे त्याच कंपनीचा, पावसाळी पाणी बाजूला सारणाऱ्या सरळ खोबणींचा. दोन्ही तीन महिन्यांच्या आतले आहेत. पहिला टायर दुकानदाराने काढला तो दीड वर्षाचा निघाला; मी अंक वाचून दाखवल्यावर त्याने काही न बोलता आतून दुसरा आणला. ट्यूब, पट्ट्या आणि मजुरी मिळून सगळा खर्च चार हजारांच्या आत बसला. जुना पुढचा टायर मी दुकानात न ठेवता घरी आणला आणि त्याचा काठ कापून टाकला, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या गाडीला लागणार नाही.