पहिला स्टिरिओ, लहान खोली: दोन छोटे स्पीकर पुरेत की सबवूफर हवाच?

मंद्रसप्तक (धागालेखक)

पहिल्यांदा स्टिरिओ घेणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात: किती वॅटचा घेऊ, वूफर (स्पीकरमधला खालच्या सुरांचा पडदा) किती इंची असावा, सोबत सब (म्हणजे सबवूफर, फक्त खालच्या सुरांची वेगळी पेटी) येतो का. खोली केवढी आणि स्पीकर ठेवणार कुठे, हे आपणहून कोणी सांगत नाही. तेव्हा माझं मत मांडून टाकतो, मग खुशाल झोडपा.

१० बाय १२ फुटांची खोली असेल तर पहिली खरेदी म्हणजे दोन छोटे बुकशेल्फ (फळीवर मावणारे) स्पीकर, वूफर चार ते सव्वापाच इंची. बस्स. उभे टॉवर नकोत, आणि सबवूफर तर मुळीच नको.

कारण खोलीच. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, एवढ्या अंतरात ज्याची अर्धी लाट नेमकी मावते तो सूर ४७ हर्ट्झचा (सेकंदाला ४७ कंपनं), आणि त्याला खोली स्वतःच घुमते; हा खोलीचा अनुनाद. १० फुटांच्या रुंदीला तोच हिशोब ५६ वर येतो. छतही १० फुटांवर असेल तर ५६ वर दोन अनुनाद एकमेकांवर चढून बसतात. आता बेस गिटारची ए तार मोकळी छेडली की ५५ हर्ट्झ. गाण्यात तो सूर आला की अख्खी खोली घुमते, आणि आजूबाजूचे सूर मात्र बेताचेच वाजतात. टॉवर किंवा सब आणून तुम्ही नेमकं या घुमण्याला खतपाणी घालता. छोटा स्पीकर ६० च्या खाली आपणहून माघार घेतो आणि ती माघार लहान खोलीच्या पथ्यावर पडते.

बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत बसेल असा एलएस३/५ए हा स्पीकर बनवला. जेमतेम पाच लिटरची बंद पेटी. व्हॅनमध्ये बसून ज्यांना निवेदकाचा आवाज पारखायचा होता त्यांचं त्यावर भागत होतं. आपलं का भागू नये?

खर्जवेडा

असहमत, आणि जोरदार असहमत.

तुमच्या त्या बीबीसीच्या पेटीचा बेस ७०-८० हर्ट्झच्या आसपास ओसरायला लागतो. काळी एक पट्टीच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झला असते. म्हणजे ज्या तारेवर मैफल उभी राहते तीच अर्धी गायब. निवेदकाचा आवाज पारखणं वेगळं आणि घरात बसून गाणं ऐकणं वेगळं.

दुसरं म्हणजे, सब हा दणदणाट करायला असतो हा समजच खुळा आहे. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठल्या बाजूने येतोय ते कानाला नीट कळत नाही. डाव्या-उजव्या स्पीकरना बसायच्या जागेशी त्रिकोण साधून उभं राहावंच लागतं, ती जागा बेससाठी कितीही वाईट असो. सबला ती सक्ती नाही. जिथे खोली घुमत नाही तिथे तो ठेवता येतो. जागा शोधायची पद्धतही सोपी आहे: सब थोडा वेळ आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवायचा, बेस गिटारचे खालून वर जाणारे सूर लावायचे आणि आपण कान जमिनीलगत नेऊन भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सब. घरचे हसतील, हसू द्या.

आणि चार इंची वूफरवर दया करा. एक सप्तक खाली उतरून तेवढाच मोठा आवाज काढायचा तर पडद्याला चौपट हलावं लागतं. खालचं काम सबकडे दिलं की वरचा आवाजही मोकळा होतो.

मंद्रसप्तक

तानपुऱ्याचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. खर्जाच्या तारेत मूळ ६९ पेक्षा तिच्या वरचे स्वरांश, म्हणजे तिच्या पटीतले सूर, जास्त बोलतात, जवारी कशासाठी काढतात? १३९, २०८, २७७ हे सगळे छोट्या स्पीकरमधून नीट येतात आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा सूर भरून काढतो. वजन थोडं कमी लागेल, खर्ज ऐकू मात्र येतो. शिवाय बंद पेटीचा बेस एका सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, भोक ठेवलेल्या पेटीचा २४ ने. बंद पेटी भिंतीजवळ नेली की भिंत बरंच परत देते.

सब योग्य जागी ठेवावा हे मान्यच. पण बहुतेक पहिलटकर तो ठेवतात कोपऱ्यात, कारण तिथेच जागा असते, आणि कोपऱ्यातून खोलीतले सगळे अनुनाद एकदम जागे होतात. वर पुष्कळ स्टिरिओ ॲम्पना (स्पीकरला शक्ती देणाऱ्या ॲम्प्लिफायरना) ‘सब आउट’, म्हणजे सब जोडायची जागा, असतं पण मुख्य स्पीकरसाठी हाय-पास, म्हणजे खालचे सूर अडवणारी गाळणी, नसतो. मग कसली चार इंचीवर दया? तो बिचारा पूर्वीइतकाच ढोर मेहनत करतो, आणि ६० ते ९० च्या पट्ट्यात दोघं मिळून चिखल करतात.

खर्जवेडा

मग हाय-पास असलेला ॲम्प घ्या की. स्वयंपाकी वाईट म्हणून जेवण बंद करा म्हटल्यासारखं झालं हे.

कथिल_आणि_झारण

तुमचं चालू द्या. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: ॲम्प वेगळा की स्पीकरच्या पोटात?

माझं मत वेगळ्या ॲम्पला. मी दुरुस्तीच्या बाजूने बघतो. पोटात ॲम्प असलेल्या पेटीत पॉवर सप्लायचे कपॅसिटर उष्णतेत बसलेले असतात. काही वर्षांनी फुगतात, मग स्पीकर शांत. तेव्हा चांगला वूफर आणि चांगला ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा पडदा) एका बिघडलेल्या बोर्डापायी अडकून पडतात. एका ग्राहकाकडे अशीच जोडी आली होती: डावी ठणठणीत, उजवी मुकी, आणि तो बोर्ड कंपनीने बनवणंच बंद केलेलं. साधा पॅसिव्ह, म्हणजे पोटात ॲम्प नसलेला, स्पीकर नीट वापरला तर पिढी काढतो, कधीमधी वूफरची रबराची कड बदलावी लागते एवढंच.

वॅटच्या मागे मात्र लागू नका. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर म्हणजे एक वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल. दोन मीटरवर, दोन्ही स्पीकर आणि भिंतींचा हातभार धरून, ८३-८५ च्या घरात. घरात आपण सरासरी ७०-७५ वर ऐकतो. त्याला वॅटचा दहावा हिस्साही जवळपास पुरतो. तबल्याची खणखणीत थाप सरासरीच्या २० डेसिबल वर गेली तर शंभरपट शक्ती लागेल, म्हणजे दहा-पंधरा वॅट. ८ ओमच्या स्पीकरला ३०-४० खरे वॅट असले की मिटलं. ५० चे १०० केलेत तर पदरात फक्त ३ डेसिबल पडतात. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराच्या शक्तीचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं असेल तर तो आकडा वाचूच नका.

निवांत_श्रोती

कथिलरावांचं दुरुस्तीचं म्हणणं पटलं, तरी लहान खोलीला मी ॲक्टिव्ह, म्हणजे पोटात ॲम्प असलेली, जोडीच सुचवेन. चांगल्या ॲक्टिव्हमध्ये आवाजाची विभागणी ॲम्पच्या आधी होते; वूफरला त्याचा ॲम्प, ट्वीटरला त्याचा. कोणता ॲम्प कोणत्या स्पीकरला झेपेल हा घोळच संपतो. आणि बऱ्याच मॉनिटरच्या (स्टुडिओसाठीच्या अशा ॲक्टिव्ह स्पीकरच्या) पाठीवर बेस कमी करायचं बटण असतं, उणे २, उणे ४ डेसिबल असं. भिंतीजवळ स्पीकर ठेवला की खालचा आवाज ६ डेसिबलपर्यंत फुगू शकतो, तो या बटणाने तिथल्या तिथे खाली आणता येतो. पॅसिव्हवाले मग स्पीकरच्या भोकात स्पंज कोंबत बसतात.

दोन गोष्टी मात्र दुकानात कळत नाहीत, घरी आल्यावर कळतात. एक, बहुतेकदा दोन्ही स्पीकरना विजेचं वेगळं सॉकेट लागतं. दोन, काहींच्या ट्वीटरमधून गाणं बंद असताना बारीक सूं ऐकू येतो. हातभर अंतरावर बसणार असाल तर घेण्याआधी गाणं बंद करून ट्वीटरला कान लावा. गाणं लावून तर सगळेच ऐकतात.

कशाला_एवढं

वाचून दमलो. एक बरा ब्लूटूथ स्पीकर घ्या किंवा साउंडबार लावा. दहा बाय बाराच्या खोलीत डावं-उजवं कसलं डोंबलाचं?

मोजपट्टी

@कशाला_एवढं, डावं-उजवं लहान खोलीतच सगळ्यात स्वस्तात साधतं. ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला, तेव्हापासून मूळ युक्ती तीच आहे: दोन स्पीकरमधून सारखा आवाज आला की तो मधोमध रिकाम्या जागेतून आल्यासारखा वाटतो. त्यासाठी दोघांत अंतर लागतं, आणि तेवढ्याच अंतरावर आपण. दीड मीटरचा त्रिकोण कुठल्याही खोलीत बसतो. साउंडबारच्या दोन टोकांत मुळात हातभर अंतर, आणि आपण पलीकडच्या भिंतीला टेकून. मग गायक मध्ये उभा राहणार कसा?

आता मूळ वादाकडे. सब हवा-नको यावर दोन्ही बाजू हिरिरीने बोलल्या, स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवायचे ते सविस्तर कोणीच सांगितलं नाही. स्पीकरच्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. ज्या सुराची पाव लाट त्या अंतराएवढी असते, तो भिंतीवर जाऊन परत येईपर्यंत अर्धी लाट मागे पडतो आणि समोरून येणाऱ्या आवाजाला कापतो. अंतर ६० सेंटीमीटर असेल तर हा खड्डा १४३ हर्ट्झला पडतो, म्हणजे पुरुषी आवाजाच्या बुडाशीच. एक मीटर पुढे आणलात तर ८६ ला. भिंतीला जवळजवळ टेकवून तोंड ३० सेंटीमीटरवर ठेवलंत तर २८६ ला, आणि तो मागे १० सेंटीमीटर जाडीचं रॉकवूलचं (आवाज शोषणाऱ्या खनिज लोकरीचं) पॅनल लावून बराच आटोक्यात येतो. पातळ पडद्याने काही होत नाही.

‘स्पीकर भिंतीपासून जरा लांब ठेवा’ हा जो सल्ला सर्रास दिला जातो, त्यातलं ‘जरा’ लहान खोलीत सगळ्यात वाईट. एक तर भिंतीला चिकटवा आणि बेस उतरवा, नाहीतर चांगले मीटरभर पुढे या. दहा फुटांत मीटरभर कोण सोडणार, म्हणून चिकटवाच.

आणखी एक. रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मोजायचा माइक घेतला की खोलीचा आलेख समोर येतो. ईक्यू म्हणजे ठरावीक सूर कमीजास्त करायची सोय. ५६ चा डोंगर ईक्यूने कापता येतो. खड्डा मात्र भरता येत नाही. तिथे जेवढी शक्ती ओताल तेवढी भिंतीवरून परत येऊन स्वतःलाच खाते. खड्ड्यावर उपाय एकच: खुर्ची हलवा किंवा स्पीकर हलवा. खोलीच्या अगदी मध्यावर तर बसूच नका, लांबीचा तो ४७ तिथे जवळपास नाहीसा होतो.

खर्जवेडा

म्हणजे ५६ चा डोंगर ईक्यूने कापता येतो. मग ‘खोली घुमते म्हणून सब नको’ या धाग्याच्या पायालाच सुरुंग लागला की.

मंद्रसप्तक

सुरुंग वगैरे नाही. पहिला स्टिरिओ घेणारा माइक घेऊन आलेख काढेल का, एवढाच प्रश्न आहे. काढणार असेल त्याला सब लखलाभ. मी बाकीच्यांबद्दल लिहितोय, आणि बाकीचेच जास्त.

एरवी_वाचनमात्र

आजवर फक्त वाचत होते, पण या धाग्यावर राहवलं नाही. माझी खोली साधारण याच मापाची. टेबल भिंतीला लागून, ६० सेंटीमीटर रुंद. डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला कपाट. ऐकायला वेळ मिळतो रात्री, तोही हळू आवाजात. ॲक्टिव्ह जोडी घ्यायचं जवळपास ठरलंय. सब घेऊ का?

निवांत_श्रोती

टेबलावर थेट ठेवू नका. ट्वीटर कानाच्या उंचीला आला पाहिजे, आणि टेबलाच्या पृष्ठभागावरून उसळणारा आवाज गायकाला पोकळ करतो. छोटे स्टँड किंवा तिरकस पाया घ्या, आणि स्पीकर टेबलाच्या पुढच्या कडेपर्यंत आणायचा मोह आवरा. तोंड तुमच्याकडे थोडं वळवा. खिडकी-कपाटाचा फरक तुम्हाला वाटतो तेवढा त्रास देणार नाही, कारण तुम्ही जवळ बसता आणि थेट आवाज आधी पोचतो.

मोजपट्टी

हळू आवाजात ऐकता ते महत्त्वाचं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं की आवाज लहान केला की कानाला खालचे सूर वरच्यांपेक्षा फार जास्त कमी होतात. त्यामुळे दिवसा बरोबर वाटणारा स्पीकर रात्री फिका वाटेल. जुन्या ॲम्पवर लाउडनेसचं बटण याचसाठी असायचं. तुमच्या जोडीवर किंवा फोनच्या ॲपमध्ये ईक्यू असेल तर रात्रीसाठी बेस चार-पाच डेसिबलने वर असलेली वेगळी सेटिंग करून ठेवा.

खर्जवेडा

बघा, हळू ऐकणाऱ्यालाच बेस जास्त लागतो. हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय! सब घ्या, आठ इंची, बंद पेटीचा.

मंद्रसप्तक

रात्री, हळू आवाजात, आणि भिंतीपलीकडे झोपलेली माणसं. खालचे सूरच भिंतीतून आरपार जातात, हे विसरू नका. जोडी घ्या, महिनाभर ऐका. ‘सब आउट’ असलेलीच घ्या म्हणजे खर्जवेडांचंही समाधान.

खर्जवेडा

‘सब आउट’ आणि हाय-पास. दोन्ही. माहितीपत्रकात हाय-पासचा आकडा छापलेला नसेल तर तो नाही असं समजा.

एरवी_वाचनमात्र

कपाट आणि टेबल यांच्यामध्ये साधारण एक फूट मोकळी फट आहे. आठ इंची सब तिथे बसेल का?

खर्जवेडा

बारीक पेटीचा बसेल, पण तो कोपरा आहे. आधी खुर्चीवर ठेवून रांगा.