मंगळावर काय होणार: तळ, वस्ती की वसाहत?

पानपुडी: पुरवणीसाठी चंद्र-मंगळावर माणसं राहण्याबद्दलचा एक लेख मराठीत करतेय. मूळ इंग्रजीत एकाच परिच्छेदात बेस, सेटलमेंट आणि कॉलनी. मी सगळीकडे 'वसाहत' लिहून मोकळी झाले, तर संपादकांच्या लाल खुणा! 'वसाहत म्हटलं की इंग्रज आठवतात' म्हणे. खरंच?

गंजका खिळा: इंग्रज 'वसाहतवादा'त आठवतात. नुसत्या वसाहतीत औद्योगिक वसाहत, पोलीस वसाहत, धरणग्रस्तांची वसाहत. मी रेल्वे वसाहतीत वाढलो. तिथे कुणी कुणावर राज्य करत नव्हतं, पाणी सोडणारा वॉलमन सोडला तर.

मुक्कामी एसटी: अडचण वेगळीच आहे. वसाहत म्हणजे बायकापोरं, शाळा, किराणा. चंद्रावर आजवरचं सगळ्यात लांब राहणं डिसेंबर १९७२ मधलं, अपोलो १७ च्या सर्नन आणि श्मिट यांचं, सुमारे ७५ तास. याला आपण मुक्काम म्हणतो. आमच्या गावी रात्रीची एसटी मुक्कामी असायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात पथारी टाकायचे, पहाटे पहिली फेरी घेऊन जायचे. म्हणून काही ते गावकरी झाले नाहीत.

अंटार्क्टिकावरची आपली संशोधन केंद्रं घ्या: 'मैत्री' १९८९ पासूनचं, 'भारती' २०१२ पासूनचं. हिवाळ्यातही तिथे माणसं असतात, पण नवी तुकडी आली की जुनी परत. तो 'तळ'. जागा कायम, माणसं बदलती.

पानपुडी: मंगळावर मात्र मनात आलं की परत फिरता येणार नाही ना?

मुक्कामी एसटी: नाही. निघायचा सोयीचा योग साधारण २६ महिन्यांनी येतो, जायला सहा ते नऊ महिने. परतीच्या योगासाठी वर्षभराहून जास्त थांबायची तयारी हवी. तरी परतीचं तिकीट काढलेलं असेल तर मी तळच म्हणेन.

माळावरचा कंदील: 'वस्ती' राहिली की! आमच्या सोलापूरकडे वस्ती म्हणजे गावाबाहेर रानातलं घर. गावात थोरलं घर असतंच, पण जनावरं-विहीर बघायला एक बिऱ्हाड वस्तीवर. मीठ गावातून, पाणी तिथलंच. चंद्राच्या ध्रुवांकडच्या कायम सावलीतल्या विवरांत बर्फ असल्याचा पुरावा चांद्रयान-१ वरच्या उपकरणाच्या नोंदींतही मिळालाय. त्या पाण्याच्या भरवशावर माणसं राहणार असतील, तर ती वस्तीच. आधी विहीर बघायची, मग घर.

गंजका खिळा: शहरात वस्ती म्हणजे झोपडपट्टी. 'चंद्रावर वस्ती' वाचून पालिकेचा माणूस नोटीस घेऊन निघायचा.

पानपुडी: निघू दे. बेसला तळ, सेटलमेंटला वस्ती, कॉलनीला वसाहतच ठेवते. आता पुढचं: मंगळावरचा दिवस, २४ तास ३९ मिनिटांचा, त्याला इंग्रजीत 'सोल' म्हणतात. 'मंगळदिवस' लिहिलं की फोन त्याचा मंगळवार करतोय.

माळावरचा कंदील: 'सोल' ठेवलंस तर कोकणातले वाचक कढी मागतील. मंगळदिवसच बरा.