एका दाढेला एकच भोक पुरत नाही
उत्खननात सापडलेल्या गुरांच्या दाढेला एक भोक पाडून पूड काढली की तिच्यातल्या कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंवरून) त्या काळचं पाऊसमान कळतं, असं म्हटलं जातं. कार्बनपुरतं ते बऱ्यापैकी चालतं. मोठ्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांत इनॅमलचं (दातावरच्या कठीण आवरणाचं) कार्बन-मूल्य, म्हणजे जड-हलक्या कार्बनचं प्रमाण, चाऱ्यापेक्षा साधारण १४ प्रति हजारने जास्त येतं, म्हणून शून्याच्या आसपासचा आकडा सी-४ गवत (उष्ण हवेतलं, ज्वारी-बाजरीच्या गटातलं) सांगतो आणि उणे १२-१३ चा सी-३ झाडपाला (झाडं-झुडपं). ऑक्सिजनचं तसं नाही, त्याचं मूल्य ऋतूनुसार बदलतं. गुरांची दाढ कित्येक महिने घडत असते, मग ते एक भोक कुठल्या ऋतूवर पडलं हे कळणार कसं?

त्यापेक्षा तिसरी दाढ घ्या (पहिलीत आईच्या दुधाची छाप असते) आणि वाढीच्या दिशेला आडवे, दीड-दोन मिलिमीटर अंतराने पट्टे घासा. खालच्या डेंटिनला (इनॅमलखालच्या दाताच्या थराला) टोक लागलं तर तो नमुना सरळ बाद करा; डेंटिन सच्छिद्र, त्यात मातीतून आलेलं कार्बोनेट सहज मुरतं. इनॅमलच्या पुडीतलं असं उपरं कार्बोनेट सौम्य (०.१ मोलर) ॲसिटिक आम्लाने जातं, पण जास्त वेळ ठेवलं तर इनॅमलच विरघळू लागतं. शिवाय थर पडून गेल्यावरही इनॅमलमध्ये महिनोन्महिने खनिज भरत राहतं, त्यामुळे ऋतूंमधला फरक दातात नेहमी खऱ्यापेक्षा कमीच दिसतो.