एफ माउंटच्या लेन्स हाताशी असताना मिररलेससाठी कंपनी बदलावी का?

रामबाग_इंदूर (प्रश्न)

नमस्कार. इंदूरमध्ये आमचा लग्नसमारंभांच्या छायाचित्रणाचा व्यवसाय आहे. तो वडिलांनी फिल्मच्या काळात सुरू केला आणि तेव्हापासून घरात निकॉनशिवाय दुसरा कॅमेरा आलेला नाही. सध्याची मुख्य बॉडी डी७५० असून तिचे शटर आता थकले आहे. एफ माउंटच्या, म्हणजे निकॉनच्या जुन्या जोडणीच्या, लेन्सपैकी २४-७० एफ/२.८ जी आणि ५० एफ/१.८ जी या रोजच्या वापरातल्या, तर ८०-२०० एफ/२.८ डी आणि ८५ एफ/१.८ डी या वडिलांच्या जुन्या, पण आजही उत्तम चित्र देणाऱ्या आहेत.

नवी बॉडी मिररलेसच, म्हणजे आत आरसा नसलेलीच, घ्यायची हे नक्की आहे. निकॉनची झेड६ थ्री घेऊन एफटीझेड अडॅप्टरवर, म्हणजे जुन्या लेन्स नव्या बॉडीला जोडणाऱ्या कड्यावर, याच लेन्स चालवाव्यात, की सगळे विकून सोनीकडे जावे, यावर मात्र घरात एकमत होत नाही. या व्यवसायातील माझ्या वयाची बहुतेक मंडळी सोनीकडे गेली आहेत. वडिलांचे म्हणणे असे की, ज्या कंपनीने जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर इतकी वर्षे चालू दिली, तिला सोडायला काही सबळ कारण हवे. आणि मला ते खोडून काढता येत नाही. लग्नांखेरीज अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले चित्ररथ, आम्ही दरवर्षी टिपतो, त्यामुळे दिव्यांच्या झगमगाटातले काम कसे होईल, हेही जाणकारांनी सांगावे.

छायालेख

आपल्या वडिलांचे म्हणणे इतिहासाला धरून आहे. निकॉनने १९५९ मध्ये एफ माउंट आणला आणि डिजिटल कॅमेऱ्यांतही तोच चालू ठेवला. कॅननने १९८७ मध्ये आपला एफडी माउंट सोडून ईएफ आणला, तेव्हा जुन्या लेन्स नव्या बॉडीवर बसेनात आणि अनेक जुने ग्राहक दुखावले. परंतु नव्या माउंटमध्ये बॉडी आणि लेन्स यांच्यातला सगळा संवाद विजेच्या संपर्कबिंदूंतून होत होता आणि फोकसची मोटर प्रत्येक लेन्समध्येच होती. पुढे क्रीडा-छायाचित्रकारांचा मोठा वर्ग कॅननकडे वळला, त्यात या फोकसचा मोठा वाटा होता. २००७ मध्ये निकॉन डी३ आला आणि अंधारातल्या कामासाठी पारडे पुन्हा फिरले. २००८ मध्ये कॅननच्या फाइव्ह डी मार्क टूने व्हिडिओच्या जोरावर वेगळाच वर्ग आपल्याकडे ओढला.

एवढी चढाओढ चालू असूनही सामान्य व्यावसायिक सहसा जागचा हलत नसे, कारण बॉडी बदलणे एकवेळ परवडते, लेन्सचा संच बदलणे परवडत नाही. ज्याला आपण कंपनीवरची निष्ठा म्हणतो ती बव्हंशी माउंटवरची निष्ठा होती, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच २०१८ हे वर्ष मला निर्णायक वाटते. त्या वर्षी निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ माउंट आणला, आणि यापुढच्या चांगल्या लेन्स नव्याने घ्याव्या लागतील हे दोघांच्याही ग्राहकांना एकाच वेळी कळून चुकले. नव्यानेच घ्यायच्या, तर इतरत्रही चौकशी करावी, असे त्यांना वाटले. सोनी तोवर तयारीत होती: २००६ मध्ये तिने कोनिका मिनोल्टाचा कॅमेरा व्यवसाय घेतला होता, २०१० मध्ये ई माउंट आणि २०१३ मध्ये फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा, ए७ आणला होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे २०११ मध्येच ई माउंटची मूलभूत तांत्रिक माहिती इतर लेन्स उत्पादकांना खुली केली होती. त्यामुळे २०१८ मध्ये ए७ थ्री आला, त्याच वर्षी टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ त्या माउंटसाठी मिळू लागली, आणि लग्नाचे काम नव्याने सुरू करणाऱ्याला आटोपशीर खर्चात पूर्ण संच उभा करता आला. कॅननने मात्र आरएफचे दार बराच काळ बंद ठेवले. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांना परवाना मिळाला तोही लहान सेन्सरच्या लेन्सपुरता. माझ्या दृष्टीने ग्राहक गमावण्याचे एवढे मोठे कारण दुसरे नसेल. त्यातच बाजार आटत होता. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, ते २०२० मध्ये ९० लाखांच्या आत आले.

आता आपल्या लेन्सविषयी. ८०-२०० आणि ८५ या दोन्ही लेन्स काढून त्यांच्या मागच्या धातूच्या कड्याकडे पाहावे. तिथे एक खाच असलेला बारीक स्क्रू दिसेल. डी७५० च्या माउंटमधून डोकावणारे छोटे पाते त्या खाचेत बसते आणि बॉडीतली मोटर त्याच्या साहाय्याने लेन्सचा फोकस फिरवते. एफटीझेडमध्ये ते पातेही नाही आणि मोटरही नाही, त्यामुळे या दोन लेन्सवर फोकस हाताने करावा लागेल. जी मालिकेतल्या दोन्ही लेन्स मात्र पूर्ण चालतील, कारण त्यांची मोटर त्यांच्यातच आहे. वडिलांचा विश्वास ज्या लेन्समुळे बसला, नेमक्या त्याच नव्या बॉडीवर अपुऱ्या पडणार आहेत, हे त्यांच्याशी बोलताना आधीच स्पष्ट करावे.

जुनी_पलासिया

लग्नाच्या कामात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मोठ्या लग्नात आपण एकटे नसतो, बाहेरून दोघेतिघे छायाचित्रकार बोलवावे लागतात, आणि सगळ्यांचा माउंट एक असेल तर ऐनवेळी लेन्सची अदलाबदल करता येते व अल्बमसाठी रंग जुळवण्याचे काम निम्म्यावर येते. आपल्यासोबत नेहमी काम करणारे सोनीवर असतील, तर हे कारण बाकी सगळ्या कारणांपेक्षा वजनदार आहे. मी स्वतः कॅननवर राहिलो, कारण ईएफच्या माझ्या सगळ्या लेन्स अडॅप्टरवर काहीही न गमावता चालल्या. शिवाय माझा ईओएस आर कॅमेरा बंद करताच सेन्सरसमोर शटरचा पडदा येतो. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर गुलाल उडत असताना लेन्स बदलू नयेच, पण बदलावी लागलीच तर या सोयीचे मोल कळते.

सिरपूर_तलाव

छायालेख यांचे विवेचन पटले, तरी निष्ठेचे सारे श्रेय माउंटला देणे मला मान्य नाही. हाताला लागलेले वळण त्याइतकेच बळकट असते. निकॉनची लेन्स चढवताना ज्या दिशेने फिरवावी लागते, त्याच्या उलट दिशेने कॅनन आणि सोनीची फिरते. पक्षी उडण्याच्या क्षणी बोट कोणत्या बटणावर जाईल, हे ठरवायला वेळ नसतो.

मी पक्ष्यांची छायाचित्रे काढतो आणि आमच्यातले लोक एखादी हवी ती लेन्स नसल्यामुळे गेले. सोनीची २००-६०० ही लेन्स २०१९ मध्ये आली, तर झेड माउंटवर तिच्या तोडीची १८०-६०० यायला २०२३ उजाडले. त्या मधल्या काळात सिरपूरच्या काठावर गळ्यातले निकॉनचे पट्टे कमी होताना मी पाहिले. मी राहिलो, कारण माझी एफ माउंटची ५०० एफ/५.६ पीएफ एफटीझेडवर पूर्वीसारखीच चालली, किंबहुना डोळा ओळखणाऱ्या फोकसमुळे अधिक चांगली. आपणही वापरात असलेल्या लेन्सचा विचार करावा. १३५ मिमीच्या पुढे आपण किती वेळा जाता? फारसे जात नसाल, तर टॅमरॉनची ३५-१५० एफ/२-२.८ आता झेड माउंटवरही मिळते, आणि ती आल्यावर ८०-२०० व ८५ या दोन्हींचे काम एकीतच भागेल.

रामबाग_इंदूर

आपणा सर्वांचा आभारी आहे. स्क्रूची गोष्ट वडिलांना दाखवली. त्यांना ती ठाऊक होती, पण अडॅप्टरमध्ये मोटर नसेल अशी त्यांची कल्पना नव्हती. आमच्यासोबत नेहमी येणाऱ्या दोघांपैकी एक निकॉनवर आणि एक सोनीवर आहे, त्यामुळे तो मुद्दा बरोबरीत सुटतो. १३५ च्या पुढे आम्ही क्वचितच जातो. झांक्यांच्या दिव्यांविषयी मात्र अजून कळले नाही.

छायालेख

तो मुद्दा माझ्याकडून राहून गेला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने त्यावर चालणारे अनेक साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. मिररलेसमध्ये आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले, की सेन्सर ओळीमागून ओळ वाचला जातो आणि चित्रावर काळसर आडवे पट्टे उमटतात. झेड६ थ्रीचा सेन्सर जुन्या झेड६ पेक्षा बराच जलद वाचला जातो, तरी झांक्यांच्या रात्री यांत्रिक शटरच वापरावे, वेग १/१०० किंवा १/५० ठेवावा आणि फ्लिकर, म्हणजे दिव्यांची लुकलुक, कमी करण्याची सोय चालू करावी. चालत्या दिव्यांच्या माळा वेगळ्या नियंत्रकावर फिरतात व त्यांची लय निराळी असू शकते, म्हणून मिरवणूक जवळ येण्याआधी दोनतीन चित्रे काढून पडद्यावर मोठी करून पाहावीत. ही अडचण सोनीवर गेल्यानेही टळत नाही. संपूर्ण सेन्सर एकदम वाचून ती टाळणारा सोनीचा ए९ थ्री आपल्या गरजेपेक्षा फार महाग पडेल. सोबतीही दोन्हीकडचे असल्यामुळे माझे मत झेड६ थ्री, एफटीझेड आणि जी मालिकेतल्या त्या दोन लेन्स यांच्या बाजूने आहे. डी७५० मात्र विकू नये. शटर बदलून घेता आले तर ती ८५ सह दुसरी बॉडी म्हणून अजून बराच काळ चालेल.