मदत हवी आहे: रात्रीचं ईटीएल (डेटा आधी साफ करून मग भरणं) मोडून ईएलटीकडे (आधी भरून मग साफ करणं) जावं का?

नमस्कार मंडळी. म्हापशात हॉटेलांना माल पुरवणाऱ्या एका वितरकाकडे हिशेब आणि संगणक दोन्ही मीच बघतो. गोदामं तीन: म्हापसा, मडगाव, फोंडा.

२००९ साली एकाने एसएसआयएसचं पॅकेज बांधून दिलं (डेटा उचलून भरायचं साधन, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००५ या डेटाबेसबरोबर आलेलं). रात्री दोनला टॅलीची फाइल, काउंटरची बिलं आणि सेल्समनच्या एक्सेल शीट उचलायच्या, साफ करायच्या, बेरजा मारून डेटाबेसात टाकायच्या. बांधणारा कधीच दुबईला गेला.

शीटमध्ये कुणी एक कॉलम वाढवला की पॅकेज झोपतं. तेही चालवून घेतलं असतं. पण मागच्या महिन्यात मडगावची विक्री टॅलीशी जुळेना, आणि शोधायला मूळ ओळीच नाहीत! बेरीज तेवढी उरलेली. तेव्हा डिस्क महाग, म्हणून गाळूनच भरायचं, हे कळतं. २०१२ साली ॲमेझॉनचं रेडशिफ्ट जाहीर झालं, पुढे असे क्लाउड वेअरहाउस (इंटरनेटवर भाड्याने मिळणारे मोठे डेटाबेस) स्वस्त होत गेले, तसे लोक कच्चा डेटा आधी भरून आतच एसक्यूएलने (डेटाबेसच्या भाषेने) साफ करू लागले.

आमच्यासारख्या दुकानाला ते परवडेल का? शेट म्हणतात, चवथीच्या आधी आकडे नीट हवेत.

प्रतिसाद १
क्लाउड कशाला? साधं पोस्टग्रेस (फुकट मिळणारा डेटाबेस) घ्या. कच्च्या फायली तारखेसकट एका स्कीमात (डेटाबेसातला कप्पा) जशाच्या तशा, साफसफाई दुसऱ्यात. चूक सापडली की फक्त दुसरी पुन्हा चालवायची. मिनिटामिनिटाला बदल उचलणारं सीडीसी वगैरे तुम्हाला नको, शेट आकडे सकाळीच बघणार ना?

प्रतिसाद २
खरी मारामारी ग्राहकांच्या नावांची असेल. एकच हॉटेल तीन गोदामांत तीन नावांनी. जीएसटीआयएनवर (जीएसटी नोंदणी क्रमांक) जोडा.

धागाकर्ता
तोच प्रयोग आज केला. नावांचा गोंधळ बराच मिटला. पण एका मालकाची कळंगुटला दोन हॉटेलं, कोलव्याला एक, आणि ३० ने (गोव्याचा कोड) सुरू होणारा जीएसटीआयएन तिन्ही हॉटेलांचा एकच. शेटना उधारी हॉटेलवार हवी. आता जीएसटीआयएनला डिलिव्हरीचा पत्ता जोडून 'की' (प्रत्येक हॉटेलची वेगळी ओळख) करू, का प्रत्येक हॉटेलला आपलाच कोड देऊ? पत्ते सेल्समन हातानेच लिहितात, कुणी 'कांदोळी', कुणी 'कांडोळी'.